शेवटच्या गाण्यात 'स' फुटतो: नुसती सुई बदलू की अख्खं कार्ट्रिज?

डोंबिवलीकर३३

नमस्कार मंडळी, दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मामाचा रेकॉर्ड प्लेयर, टेक्निक्स एसएल-१२०० एमके२, दिवाळीत माझ्याकडे आला. मामा मस्कतला नोकरीला होता तेव्हा घेतलेला, ८२ की ८३ साली, आता गुडघ्यांमुळे त्याला खाली बसून रेकॉर्ड लावणं जमत नाही म्हणून "ने तू, पण विकायचा नाही" या अटीवर दिला. सोबत दीडेकशे एलपी, निम्म्याहून जास्त मराठी, अभंग, नाट्यसंगीत, भावगीतं, बाकीचे ख्याल. मोटर अजून एक नंबर, स्पीड जरासुद्धा हलत नाही.

कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) शुअर एम९७एक्सई आहे, मामेभावाने अमेरिकेतून आणलेलं, २००६ च्या आसपास. त्यानंतर सुई बदलली का विचारलं तर मामा म्हणतो चालतेय की, बदलायची कशाला.

प्रॉब्लेम असा की पहिली दोन गाणी बरी वाजतात पण सुई जसजशी लेबलकडे सरकते तसे 'स', 'श', 'च' फुटायला लागतात, म्हणजे "सावळे" म्हटलं की "स्स्फावळे" ऐकू येतं. बाईचा आवाज असेल तर जास्तच. आणि टाळ असले तर विचारूच नका, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं. दोन्ही स्पीकरमधून सारखंच.

मी आर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) नव्याने बॅलन्स केला, नेटवर या कार्ट्रिजला सुईवरचं वजन १.२५ ग्रॅम लिहिलंय म्हणून वजनाचा डायल १.२५ वर आणला, अँटिस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली सेटिंग) पण तेवढंच ठेवलं. फरक शून्य, उलट मला तर वाटतं थोडं बिघडलंच. कामासाठी पुण्याला गेलो होतो तेव्हा तपकीर गल्लीत एका दुकानात विचारलं, तो म्हणाला शुअरची ओरिजिनल सुई आहे, आणि काढून दिलं पाकीट तर त्यावर कंपनीचं नावच नाही, फक्त 'डायमंड'. नाही घेतली.

तर प्रश्न असा की नुसती सुई बदलून भागेल की कार्ट्रिजच नवीन घेऊ? बजेट पंधरा हजारांपर्यंत, त्यापुढे बायकोला उत्तर द्यावं लागेल.

मंद्र

अभिनंदन आधी, मामा भारी आहेत तुमचे. खरेदीचं नंतर बघू, एक सांगा, कार्ट्रिजच्या पुढे जो बारीक ब्रश आहे तो वाजवताना खाली असतो की वर?

डोंबिवलीकर३३

खाली. धूळ काढतो ना तो? मामा पण खालीच ठेवायचा.

मंद्र

मग सापडलं, निदान अर्धं तरी. तो ब्रश नुसता धूळ काढत नाही, तो रेकॉर्डवर टेकून स्वतःचं अर्धा ग्रॅम वजन घेतो. शुअरने सांगितलेले १.२५ हे सुईवर यायला पाहिजेत, डायलवर नाही. ब्रश खाली असेल तर डायल १.७५ ला ठेवायचा, त्यातले ०.५ ब्रश खातो आणि सुईला उरतात १.२५. तुम्ही डायल १.२५ वर ठेवलाय म्हणजे सुईला मिळतायत फक्त ०.७५, या कार्ट्रिजची अगदी खालची मर्यादा. एवढ्या हलक्या वजनावर सुई खोबणीत नीट बसत नाही, जोराचा 'स' आला की भिंतीवरून उडते, परत आपटते, तो तुमचा 'स्स्फ'.

लोकांना वाटतं वजन जितकं कमी तितकी रेकॉर्ड जास्त टिकते. चुकीचं आहे हे. हलकी सुई उडते आणि उडणारी सुई खोबणी जास्त खरवडते. कंपनीने दिलेल्या रेंजमध्ये वरच्या अंगाला राहिलेलं बरं.

डिजिटल काटा असेल तर ब्रश वर करून लॉक करा आणि मग मोजा, १.७५ यायला पाहिजे, वाजवताना ब्रश खाली केला की त्यातले ०.५ तो घेतो. ब्रश खाली ठेवून काट्यावर मोजलंत तर ब्रश पण काट्यावर टेकतो की नाही यावर आकडा बदलतो आणि डोकं फिरतं, माझं फिरलंय.

रिकामटेकडा_बोरिवली

यूट्यूबवर सगळं मिळतं हो, फुकट, आणि 'स' पण फुटत नाही 😄

मंद्र

तिथे रेकॉर्डवरून चढवलेली जुनी मराठी गाणी ऐका एकदा. फुटतो. ज्याने चढवली त्याची पण सुई झिजलेलीच होती.

कोथरूडचे_काका

डोंबिवलीकर, तुमच्या वजनाच्या गोष्टीवरून आमचं घर आठवलं. आमच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा होता, सुटकेससारखा, झाकणातच स्पीकर. त्याचं कार्ट्रिज सिरॅमिक, तुम्ही आता जे वापरता त्यात लोहचुंबक आणि वायरची गुंडाळी असते, त्यात तसं काही नाही, सुई हलली की आतला सिरॅमिकचा तुकडा वाकतो आणि करंट तयार होतो, तो इतका दणकट की मध्ये प्रीअँप (बारीक सिग्नल आधी मोठा करणारा डबा) लागत नाही, डायरेक्ट अँपला. पण त्याला हलवायला ताकद लागते म्हणून वजन जास्त, चार-पाच ग्रॅम सहज. आणि आम्ही काय करायचो, रेकॉर्ड अडकायला लागली की हेडवर चार आण्याचं नाणं चिकटपट्टीने लावायचो! त्यानेही भागलं नाही तर आठ आणे. पिन कधी बदलली असेल तर घरात गणपतीसारखी चर्चा व्हायची, "नवी पिन आणलीय".

सांगायचा मुद्दा, तुमच्या दीडशेपैकी बऱ्याच रेकॉर्ड मामांनी टेक्निक्स यायच्या आधी अशाच कुठल्या तरी प्लेयरवर वाजवल्या असणार, किंवा सेकंडहँड घेतल्या असणार. त्यांच्या खोबणीतला 'स' त्या नाण्याखालीच मेला. आता कुठलीही सुई लावा, तो जसाच्या तसा परत यायचा नाही. म्हणून आधी एक नवीकोरी किंवा खात्रीची, कमी वाजलेली रेकॉर्ड आणा, तिचं शेवटचं गाणं ऐका. ते स्वच्छ वाजलं तर दोष तुमच्या सुईचा नाही. हे न करता लोक कार्ट्रिजमागून कार्ट्रिज बदलत बसतात. मी स्वतः बदलली आहेत. आमच्या हिला सांगू नका किती.

डोंबिवलीकर३३

मंद्र, काय बोलू. डायल १.७५ केला आणि लगेच फरक. पहिल्या तीन गाण्यांत 'स' आता 'स' आहे. काल मामाला फोन करून सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "पावणेदोनवरच होतं की, तू कशाला हलवलंस?"

काका, तुमची परीक्षा पण घेतली, मित्राकडून एक नवीन दाबलेली एलपी आणली, इंग्रजी आहे पण 'स' तर तिथेही असतो. तिच्यात पण शेवटच्या गाण्यात थोडी सळसळ आहे, मराठीइतकी नाही पण आहे. म्हणजे रेकॉर्डचा पण दोष आणि सुईचा पण?

आणि अजून एक, या पावसाळ्यात काही कव्हरांना आतून बुरशी धरलीये, पांढरे ठिपके. ती रेकॉर्ड वाजवली की सुईवर कापसासारखा गोळा जमतो. याचा संबंध असेल का?

सुईदोरा

आता आलं हे माझ्या आवडीच्या विषयावर, लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

बुरशीचं आधी. ती रेकॉर्ड न धुता वाजवणं आजपासून बंद. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने गोल गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत, लेबल भिजू द्यायचं नाही. आतलं कागदी पाकीट फेकून नवीन घालायचं, नाहीतर बुरशी परत त्याच पाकिटातून येते. आणि सुई पुसताना ब्रश कायम मागून पुढे, उलटा किंवा आडवा फिरवला की कँटिलिव्हर (टोक धरणारी बारीक काडी) वाकलाच समजा.

आता शेवटचं गाणंच का. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे मारते, बाहेरच्या काठाला असो की लेबलजवळ. पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला छोटा. म्हणून बाहेर सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खोबणी जाते आणि लेबलजवळ २१-२२. गाणं तेच, 'स' तोच, पण त्याला मिळणारी जागा निम्म्याहून कमी. 'स' चा आवाज समजा सात हजार हर्ट्झच्या आसपास धरला तर लेबलजवळ त्याची एक लाट मिलिमीटरच्या तीन शतांशाएवढी उरते. साधी गोल टोकाची सुई त्यात बसतच नाही, ती लाटेच्या डोक्यावरून घसरत जाते. लंबगोल टोक बरं, कारण कडेने ते अरुंद असतं. मायक्रोलिनियर नावाचा प्रकार आहे तो त्याहून अरुंद, अक्षरशः ज्या हत्याराने खोबणी कोरली त्याच्या आकाराच्या जवळ जाणारा.

आणि झिजणं म्हणजे काय, तर लंबगोल टोकाला दोन बाजूंनी सपाट फरशा पडतात, टोक मग छिन्नीसारखं होतं. बाहेरच्या गाण्यात तुम्हाला कळणारही नाही, आतल्या गाण्यात लगेच चहाडी करतं. तुमची मित्राची नवीन रेकॉर्ड नेमकं तेच सांगतेय.

किती तास चालते यावर भांडणं होतात, पण ऑडिओ-टेक्निका (कार्ट्रिज बनवणारी जपानी कंपनी) स्वतः लंबगोल सुईला ३०० तास सांगते, मायक्रोलिनियरला १०००. मी हिशेब केला होता एकदा रिकामपणी. वीस मिनिटांच्या एका बाजूत सुई साधारण ४३० मीटर खोबणी चालते. ३०० तास म्हणजे ९०० बाजू, म्हणजे ३८०-३९० किलोमीटर. मुंबईहून निघून कोल्हापूरला पोचली की ती सुई रिटायर. मामांची २००६ पासून चालतेय, रोज एक एलपी लावत असतील तर पंढरपूर, तुळजापूर, काशी सगळं करून आलेली आहे.

पर्याय. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज आणि सुया बनवणं बंद केलं, त्यामुळे 'नवीन ओरिजिनल' कोणी म्हणालं तर ती जुन्या स्टॉकची तरी आहे किंवा तो खोटं तरी बोलतोय. तुम्ही ते पाकीट घेतलं नाहीत ते उत्तम, तशा बिननावाच्या सुया बहुतेक वेळा साध्या गोल टोकाच्या असतात, म्हणजे आहे त्याच्या खालीच गेलात. जपानची जिको म्हणून कंपनी आहे, हिचा मूळ धंदा शिवणाच्या सुयांचा, ती शुअरच्या बॉडीत बसणाऱ्या चांगल्या सुया करते. पण मागवायचा खर्च, कस्टम ड्यूटी धरून ती तुमच्या बजेटला भोक पाडेल.

मी असतो तर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ घेतलं असतं. कारण एकच, या मालिकेतली कुठलीही सुई त्याच बॉडीत बसते. आत्ता साधी लंबगोल ई घ्या, वर्षा-दोन वर्षांनी फक्त एमएल सुई घ्या, ती मायक्रोलिनियर. स्क्रू, वायर, अलाइनमेंट (कार्ट्रिज मापात बसवणं) कशालाच हात लावायचा नाही, जुनी सुई ओढून काढायची, नवी सरकवायची. बजेट आहे तर सरळ एमएल घ्या, ई पेक्षा दुपटीहून महाग पडते पण तासांनी भाग दिलात तर स्वस्त. आणि काकांनी सांगितलेल्या मेलेल्या 'स' बद्दल, ही अरुंद सुई खोबणीत थोडी वेगळ्या उंचीवर टेकते, कधी कधी जुन्या सुयांनी न खाल्लेला भाग तिला सापडतो. प्रत्येक रेकॉर्डवर नाही. पण सापडला की मजा येते.

ऑर्टोफॉन कंपनीचं २एम रेड कार्ट्रिज पण लोक सुचवतील, वाईट नाही, पण 'स' ला थोडं तिखट आहे असं माझं मत.

आठशेडिगाव

व्हीएम९५ ला ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची) पण सुई मिळते, एसपी. मामांकडे जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर तीच एक बॉडी दोन्हीला. माझ्या आजोबांच्या नाट्यपदांच्या मी तशाच वाजवतो.

सुईदोरा

सुई मिळते हो, पण एमके२ ला ७८ चा स्पीडच नाही, ३३ आणि ४५ फक्त. त्यासाठी वेगळा प्लेयर लागेल. आणि जाता जाता, लाखेच्या तबकड्या कधीही अल्कोहोलने पुसू नका, लाख विरघळते त्यात.

मंद्र

सुईदोराला एक जोड देतो. शुअर आणि ऑडिओ-टेक्निका दोघांचा स्वभाव वेगळा आहे. शुअरला वायर आणि प्रीअँपची मिळून २०० ते ३०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) चालते, ऑडिओ-टेक्निकाला १०० ते २०० हवी. मामांच्या प्रीअँपला मागे कपॅसिटन्सचं बटण असेल तर सगळ्यात कमी आकड्यावर ठेवा, नाहीतर नवीन कार्ट्रिज लावाल आणि 'स' अजून टोचायला लागेल, मग इथे येऊन आम्हाला शिव्या द्याल. वजन पण बदलणार, व्हीएम९५ ला २ ग्रॅम. आणि त्याला ब्रश नाही, त्यामुळे डायल म्हणेल ते खरं 🙂

कोथरूडचे_काका

आणि त्या मराठी एलपी मोनो आहेत का बघा. साठच्या दशकातल्या बऱ्याच मोनोच असतात. मोनोचं गाणं खोबणीच्या आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत नुसती खरखर. अँपला मोनोचं बटण असेल तर दाबा, उभी खरखर बरीचशी एकमेकांत वजा होते. फुकटचा उपाय, सगळ्यात जास्त फायद्याचा, आणि तो कुणी सांगत नाही कारण त्यात विकायला काही नाही.

डोंबिवलीकर३३

अपडेट देतो, तीन आठवडे झाले, माफी.

व्हीएम९५एमएल घेतलं. बजेटच्या थोडं वर गेलं, उत्तर देऊन झालंय. लावायला रविवारची अख्खी सकाळ गेली. चार वायर, लाल उजवी, हिरवी उजव्याची उलटी, पांढरी डावी, निळी डाव्याची उलटी, एवढं पाठ करून बसलो आणि तरी पांढरी-निळी उलटी लावली. वाजलं, पण आवाज कुठून येतोय तेच कळेना, गायिका भिंतीच्या मागे बसल्यासारखी आणि बेस गायब. अर्धा तास मला वाटलं कार्ट्रिजच खराब आलं, विकणाऱ्याला मेल पण लिहायला घेतला होता. मग मोनोचं बटण दाबलं तर गाणंच जवळजवळ नाहीसं झालं, तेव्हा ट्यूब पेटली. काका, तुमच्या बटणाचा हा पण एक उपयोग. वायर काढताना चिमट्याने एका क्लिपचं तोंड फाकवलं, ते परत सुईच्या टोकाने दाबून घट्ट केलं (शिवणाच्या सुईच्या, जिकोवाल्यांची आठवण झाली).

अलाइनमेंटला टेक्निक्सची ती ५२ मिलिमीटरची पद्धत वापरली, हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं तो भाग) मागच्या कडेपासून सुईच्या टोकापर्यंत. प्लॅस्टिकचा गेज मामाकडे नव्हताच, मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. बरोबर केलं ना?

आवाज. मित्राची नवीन एलपी शेवटच्या गाण्यात एकदम स्वच्छ. भीमसेनजींच्या अभंगांच्या एलपीत टाळ आता टाळ वाटतात, वाळू गेली. धुतलेल्या बुरशीवाल्या दोन वाचल्या, एक गेली. चार-पाच भावगीतांच्या एलपी मात्र तशाच फुसफुसतात, त्या काकांच्या चार आण्याखाली गेलेल्या दिसतात.

जुनी सुई मोबाइलला लेन्स लावून बघितली. टोक कसं असतं ते मला माहीत नाही, पण एका बाजूला चकाकी दिसते, आरशासारखी.

सुईदोरा

ती चकाकीच ती फरशी. दोन्ही बाजूंना असणार, फोन तिरका करून बघा. ५२ बरोबर आहे, लेबलजवळची गाणी त्या मापाने चांगली येतात, तुम्हाला तेच हवं होतं. बेअरवाल्ड वगैरे अलाइनमेंटच्या दुसऱ्या पद्धतींच्या नादी आत्ता लागू नका.

मंद्र

शुअरची बॉडी टाकू नका. तिला झीज नाही, झिजली ती सुई. कधी जिकोची सुई मिळाली तर परत जिवंत होते.

डोंबिवलीकर३३

टाकणार कुठे, मामाने मागितलंय परत. म्हणतो डबीत ठेवीन. एक जास्तीचं हेडशेल घेऊन त्यातच बसवून देऊ म्हणतोय, तर टेक्निक्सलाच पाहिजे असं काही असतं का, की कुठलंही बसतं?

मंद्र

आर्मच्या फिरवायच्या रिंगेत अडकणारं, मागे चार पिना असलेलं जे नेहमीचं हेडशेल असतं ते कुठलंही बसतं. फक्त वजन आताच्या हेडशेलच्या जवळपासचं घ्या. आणि ब्रश वर लॉक करून द्या, डबीत केस तुटतात त्याचे.